जिंकत असताना स्विंग बदलावा का? निक फाल्डोच्या १९८५ ते १९८७ या काळाविषयी

अठरावा होल

नमस्कार. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि गेली आठ वर्षे गोल्फ खेळते आहे. हौशी स्पर्धांत ती बहुतेक वेळा पहिल्या पाचांत असते. दोन-तीन वर्षांत व्यावसायिक व्हायचे, हे तिने मनाशी ठरवून टाकले आहे. तिच्या नव्या प्रशिक्षकांच्या मते तिचा स्विंग (काठी फिरवून चेंडू मारण्याची पद्धत) मनगटे नेमक्या क्षणी वळण्यावर फार अवलंबून आहे. आज तो तिला साथ देतो, पण मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी देईलच असे नाही, म्हणून तो आताच मुळापासून बदलावा, असे ते सुचवतात. बदल अंगवळणी पडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष निकाल घसरतील, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

असा निर्णय घेणाऱ्यांत निक फाल्डोचे नाव सर्वांत आधी येते, म्हणून मी त्याची कारकीर्द पुन्हा सुरुवातीपासून वाचून काढली. १९७१ च्या मास्टर्समध्ये जॅक निकलसला दूरचित्रवाणीवर पाहून तेरा वर्षांच्या या इंग्लिश मुलाने गोल्फ शिकायचे ठरवले. चार वर्षांनी, म्हणजे १९७५ मध्ये, तो इंग्लंडचा हौशी विजेता झाला आणि १९७६ मध्ये व्यावसायिक. १९७७ च्या रायडर कपमध्ये (अमेरिकेविरुद्धच्या सांघिक स्पर्धेत) वयाच्या विसाव्या वर्षी तो तिन्ही सामने जिंकला, त्यांतील एकेरीचा सामना टॉम वॉटसनविरुद्ध होता. १९८३ मध्ये युरोपियन टूरवरील पाच स्पर्धा जिंकून तो ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे मोसमाच्या क्रमवारीत, पहिला आला आणि १९८४ मध्ये अमेरिकेतही एक स्पर्धा जिंकला. इतके सगळे हाती असताना १९८५ मध्ये त्याने डेव्हिड लेडबेटर या प्रशिक्षकाकडे जाऊन आपला स्विंग जवळजवळ नव्याने बांधायला घेतला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्याच्या नावावर एकही विजय नाही.

त्यापुढचे त्याचे सहा मेजर विजय (मास्टर्स, ब्रिटिश ओपन, यूएस ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप या पुरुषांच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतले) आपल्याला ठाऊक आहेत आणि त्यामुळेच तो निर्णय आज शहाणपणाचा दिसतो. माझा प्रश्न १९८५ मधल्या फाल्डोविषयी आहे. त्या दिवशी त्याच्यापुढे जे होते तेवढ्यावरून पाहिले, तर तो निर्णय योग्य होता का? आणि ज्यांची कारकीर्द अजून सुरूच व्हायची आहे, त्यांनी त्यातून काय घ्यावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

वाऱ्याची दिशा

आपला प्रश्न मनापासून आवडला. फाल्डोच्या कारकिर्दीचा हा भाग नेहमी जिद्दीची कथा म्हणून सांगितला जातो. त्यामागचे तांत्रिक कारण मात्र क्वचितच कोणी उलगडून सांगते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच दडलेले आहे.

फाल्डो सहा फूट तीन इंच उंचीचा. त्याचा जुना स्विंग लांब, उभट आणि अतिशय देखणा होता. चेंडूवर येताना तो दोन्ही पायांनी जोरात पुढे रेटा देत असे आणि फटका संपताना त्याची पाठ मागे कमानीसारखी वाकलेली असे. त्या काळच्या अनेक उंच खेळाडूंचा शेवट असाच होई. पाय आणि कंबर पुढे निघून गेल्यामुळे हात मागे राहत, आणि मग क्लबचे (काठीचे) तोंड चेंडूशी सरळ आणण्याची सगळी जबाबदारी मनगटांवर येऊन पडे. तो क्षण अचूक साधला की फटका अप्रतिम जाई. परंतु हाता-मनगटांचे लहान स्नायू मनावरच्या ताणाला सर्वांत आधी प्रतिसाद देतात. ताण वाढला की त्यांची गती बदलते आणि चेंडू कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जाऊ लागतो. शिवाय त्या स्विंगमधून चेंडू उंच जात असे, आणि ब्रिटिश ओपन ज्या समुद्रकाठच्या लिंक्स मैदानांवर होते तिथल्या वाऱ्यात उंच चेंडूवर भरवसा ठेवता येत नाही.

लेडबेटरच्या शिकवणीचा गाभा असा की शरीराच्या मोठ्या स्नायूंनी, म्हणजे खांदे, पाठ आणि धड यांनी, स्विंग चालवावा आणि हातांनी त्यांच्या मागून यावे. त्यासाठी उभे राहताना फाल्डोच्या दोन्ही पायांतील अंतर वाढले, पायांची हालचाल शांत झाली, क्लब फिरण्याची पातळी अधिक सपाट झाली आणि हात धडाशी जोडलेले राहू लागले. यांतला कोणताही बदल एकटा करता येत नाही. एक बदलला की बाकीचे बिघडतात, कारण जुन्या स्विंगमध्ये एका दोषाची भरपाई दुसरा दोष करत असतो. वाटेत निकाल घसरतात ते यामुळेच. फाल्डो फ्लॉरिडातील उन्हात दिवसाला शेकडो चेंडू मारत राहिला, इतके की त्याच्या हातांची साले निघत असत.

आता १९८५ मधल्या फाल्डोसमोर काय होते ते पाहू. १९८३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये आणि १९८४ च्या मास्टर्समध्ये तो अखेरच्या दिवशी विजयाच्या आवाक्यात होता आणि दोन्ही ठिकाणी मागे पडला. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याच्या आडनावात एका अक्षराचा फेर करून त्याला ‘फोल्डो’, म्हणजे ऐन वेळी गुंडाळला जाणारा, असे हिणवायला सुरुवात केली होती. साप्ताहिक स्पर्धा जिंकायला तो स्विंग पुरेसा होता, हे पाच विजयांनी दाखवून दिले होते. मेजर स्पर्धेच्या शेवटच्या नऊ होलना तो पुरत नाही, हेही त्याने स्वतः अनुभवले होते. त्याने आपले ध्येय मेजर हेच मानले होते. ते ध्येय धरून पाहिले तर निर्णय तर्काला धरून होता, आणि त्यासाठी पुढच्या निकालांची साक्ष काढण्याचीही गरज नाही.

---

जुने स्कोअरकार्ड

‘वाऱ्याची दिशा’ यांनी तांत्रिक बाजू फार चांगली मांडली आहे, परंतु मला दुसरी बाजू नोंदवावीशी वाटते, कारण इथे प्रश्न एका सतरा वर्षांच्या मुलीच्या पुढच्या आयुष्याचा आहे.

स्विंग बदलून यशस्वी झालेल्यांच्या कथा सांगितल्या जातात, बदलून हरवलेल्यांच्या फारशा सांगितल्या जात नाहीत. इयान बेकर-फिंच १९९१ मध्ये रॉयल बर्कडेलला ब्रिटिश ओपन जिंकला. त्यानंतर आणखी लांब फटके मारण्याच्या प्रयत्नात त्याने स्विंगमध्ये फेरफार केले आणि हळूहळू त्याचा टीवरचा (होलची सुरुवात जिथून होते तिथला) पहिला फटकाच त्याच्या ताब्यातून गेला. १९९५ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या टीवर, जगातल्या अत्यंत रुंद फेअरवेंपैकी (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यांपैकी) एका फेअरवेवर, त्याचा चेंडू डाव्या बाजूने हद्दीबाहेर गेला. १९९७ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ट्रूनला पहिल्या फेरीत ९२ फटके लागल्यावर त्याने माघार घेतली आणि स्पर्धात्मक खेळ थांबवला. मेजर विजयानंतर अवघ्या सहा वर्षांत हे घडले. पाड्रिग हॅरिंग्टनचेही उदाहरण आहे. २००७ आणि २००८ ची ब्रिटिश ओपन व २००८ ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकून तो शिखरावर असताना त्याने स्विंगवर पुन्हा मूलभूत काम सुरू केले. पुढे तो काही स्पर्धा जिंकला, पण मेजर पुन्हा मिळाली नाही.

याउलट जिम फ्युरिक पाहा. त्याचा क्लब वर जाताना एक वळण घेतो आणि खाली येताना भलतेच. कोणत्याही पुस्तकात असा स्विंग शिकवत नाहीत. त्याचे वडील हेच त्याचे प्रशिक्षक होते आणि त्यांनी तो स्विंग मोडू दिला नाही. फ्युरिकने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ फटक्यांची फेरी खेळला. त्याच्या आधी तिथे कोणीही ५८ ची फेरी खेळलेले नव्हते. ली ट्रेव्हिनोचाही स्विंग चारचौघांसारखा नव्हता, तरी त्याच्या नावावर सहा मेजर आहेत, म्हणजे नेमक्या फाल्डोइतक्याच. स्विंग वेगळा असणे आणि स्विंग ताणाखाली टिकत नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या मुलीच्या बाबतीत यांतली कोणती, हे आधी पारखून घ्यावे.

मेजरच्या अखेरच्या दिवशी फाल्डोने मिळवलेल्या विजयांत प्रतिस्पर्ध्यांच्या चुकांचाही मोठा वाटा होता, हेही नजरेआड करता येत नाही. १९८७ च्या ब्रिटिश ओपनमध्ये म्युअरफिल्डला दोन होल शिल्लक असताना पॉल अझिंगर एका फटक्याने पुढे होता आणि त्याने दोन्ही होलवर बोगी केली, म्हणजे पारपेक्षा (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) एकेक फटका जास्त घेतला. १९८९ च्या मास्टर्समध्ये प्लेऑफच्या (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळाच्या) पहिल्याच होलवर स्कॉट हॉकच्या हातून अगदी जवळचा पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा हलका फटका) चुकला. १९९६ च्या मास्टर्समध्ये ग्रेग नॉर्मन सहा फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या फेरीत उतरला आणि त्याला ७८ फटके लागले. नवा स्विंग नसता तरी यांतले काही विजय त्याला मिळाले असते, असे कोणी म्हटले तर ते सहज खोडून काढता येणार नाही.

---

सात नंबर

प्रतिस्पर्ध्यांच्या चुकांबद्दलचा मुद्दा रास्त आहे, पण तो तिथेच सोडता येणार नाही, कारण त्या चुका होईपर्यंत फाल्डो जवळ टिकून होता आणि १९८४ मध्ये नेमके हेच त्याला जमले नव्हते.

म्युअरफिल्डच्या त्या शेवटच्या फेरीकडे जरा थांबून पाहू या. धुके, पाऊस आणि थंडी अशा हवेत फाल्डो अठराच्या अठरा होल पारमध्ये खेळला. एकही बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) नाही, एकही बोगी नाही. गोल्फ न खेळणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटेल. प्रत्यक्षात लिंक्सवर, पाठलाग करत असताना, अठरा वेळा चूक न होऊ देणे हे चार बर्डी करण्यापेक्षा कठीण असते. काही होलवर त्याला बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू काढून पार वाचवावा लागला. अठराव्या होलवर त्याने पाच नंबरच्या आयर्नने (धातूच्या क्लबने) चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) आणला, पहिला पट होलच्या चार-पाच फूट पुढे गेला आणि परतीचा पट त्याने आत घातला. चार फेऱ्यांचे मिळून २७९ फटके झाले. अझिंगर आणि रॉजर डेव्हिस एका फटक्याने मागे राहिले. दोन वर्षांची मेहनत ज्या प्रसंगासाठी केली होती, तो प्रसंग समोर आला आणि नवा स्विंग त्यात टिकला.

त्याआधीची एक नोंद मला याहून महत्त्वाची वाटते. १९८७ च्या वसंतात त्याला मास्टर्सचे निमंत्रण नव्हते. ऑगस्टाला जगातले सर्वोत्तम खेळाडू खेळत असताना त्याच आठवड्यात तो मिसिसिपी राज्यातील हॅटिसबर्ग येथे एका लहान स्पर्धेत खेळत होता. तिथे त्याने चारही फेऱ्या प्रत्येकी ६७ फटक्यांत पूर्ण केल्या आणि दुसरा आला. ना विजय मिळाला, ना फारशी दखल. तरी आपला खेळ परत येतो आहे हे त्याला त्या चार सारख्या आकड्यांवरून समजले असणार. मे महिन्यात तो स्पॅनिश ओपन जिंकला आणि जुलैमध्ये ब्रिटिश ओपन. बदलाच्या काळात निकालाऐवजी फेऱ्यांमधला सारखेपणा पाहावा, असे मला वाटते ते याच उदाहरणामुळे.

प्रतिस्पर्ध्यांच्या चुकांनी सगळेच समजावता येत नाही. १९९० मध्ये सेंट अँड्र्यूजला तो पारपेक्षा १८ फटके कमी खेळून पाच फटक्यांनी जिंकला, तिथे कोणाची चूक शोधायची? त्याच वर्षी तो मास्टर्स सलग दुसऱ्यांदा जिंकला होता, जे त्याच्याआधी केवळ निकलसला जमले होते. यूएस ओपनचा प्लेऑफही त्या वर्षी एकाच फटक्याने हुकला. १९९२ मध्ये म्युअरफिल्डला त्याने आघाडी स्वतःच घालवली, तो जॉन कुकच्या मागे पडला आणि मग शेवटच्या चार होलमध्ये दोन बर्डी करून एका फटक्याने जिंकला. जुन्या फाल्डोला आघाडी गेल्यावर परत येणे जमले असते, असे मला वाटत नाही.

१९९६ च्या मास्टर्सविषयीही लिहायला हवे, कारण नॉर्मनच्या ७८ फटक्यांमुळे फाल्डोच्या ६७ कडे लक्षच जात नाही. ऑगस्टावर त्या दिवशी ६७ हा उत्कृष्ट खेळ होता. तेराव्या होलवर ग्रीनपुढून ओढा वाहतो. तिथे दुसऱ्या फटक्यासाठी फाल्डोने आधी फेअरवे वुड हातात घेतला, तो परत ठेवला, बराच वेळ विचार केला आणि अखेर दोन नंबरच्या आयर्नने चेंडू थेट ग्रीनवर टाकला. त्याच्या शेजारी फॅनी सुनेसन ही स्वीडिश कॅडी (खेळाडूचे क्लब वाहणारी आणि सल्ला देणारी साथीदार) होती, जी १९९० पासून त्याच्यासोबत होती. दोघांची ती चर्चा चालू असताना नॉर्मन उभा राहून पाहत होता. प्रतिस्पर्ध्याला चूक करायला भाग पाडण्याचा हाही एक प्रकार आहे.

---

वाऱ्याची दिशा

‘जुने स्कोअरकार्ड’ यांनी फ्युरिकचे दिलेले उदाहरण मला मान्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की फ्युरिकचा क्लब चेंडूपाशी पोहोचताना दरवेळी जवळजवळ एकाच जागी येतो. वाटेत तो काहीही करो, आघाताचा क्षण तोच असतो. आघात स्थिर असेल तर दिसण्यासाठी स्विंग बदलू नये, यावर आपले एकमत आहे, असे मी धरतो.

---

सात नंबर

मुलीचा विषय आहे म्हणून महिला गोल्फमधले एक उदाहरण देतो. त्यातही लेडबेटरच आहे. लिडिया को पाच वर्षांची असल्यापासून न्यूझीलंडमध्ये गाय विल्सन यांच्याकडे शिकली आणि हौशी असतानाच तिने एलपीजीए या महिला व्यावसायिकांच्या टूरवरील स्पर्धा जिंकल्या. व्यावसायिक झाल्यावर, २०१३ च्या अखेरीस, ती लेडबेटरकडे गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये सतरा वर्षांची असताना ती जागतिक क्रमवारीत पहिली आली, २०१५ ची एव्हियन आणि २०१६ ची एएनए या मेजर तिने जिंकल्या. मग २०१६ च्या अखेरीस तिने प्रशिक्षक, कॅडी आणि क्लब असे सारे काही थोड्याच अवधीत बदलले. २०१७ मध्ये तिला एकही विजय मिळाला नाही. २०१८ मध्ये एक मिळाला, त्यानंतरचा एलपीजीए विजय थेट २०२१ मध्ये. आणि २०२४ मध्ये तिने पॅरिसला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले व काही दिवसांतच सेंट अँड्र्यूजला महिलांची ब्रिटिश ओपनही जिंकली.

हे उदाहरण मी कोणत्याही एका बाजूने देत नाही. ते देण्याचे कारण एवढेच की फाल्डोने एक गोष्ट बदलली आणि तिच्याशी तो एकनिष्ठ राहिला. लेडबेटरशी त्याची साथ १९९८ पर्यंत टिकली, म्हणजे सुमारे तेरा वर्षे. त्याच्या सहाही मेजर त्या एकाच प्रशिक्षकाबरोबरच्या आहेत. एका वेळी अनेक आधार सोडले, तर बिघाड कशामुळे झाला हे शोधणेच अशक्य होऊन बसते.

---

जुने स्कोअरकार्ड

ही बाब मलाही पटते. आर्थिक बाजूही मांडतो, कारण ती टाळून या निर्णयाकडे पाहता येणार नाही. व्यावसायिक गोल्फमध्ये बहुतेक स्पर्धांत ३६ होलनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू वगळले जातात, आणि कटमध्ये न बसणाऱ्याला बक्षिसाची रक्कम मिळत नाही, पण प्रवास, निवास आणि कॅडीचा खर्च त्याला करावाच लागतो. फाल्डोने १९८५ मध्ये बदल सुरू केला तेव्हा तो युरोपातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक होता, त्याच्या गाठीला आधीची मिळकत होती आणि त्याचे नाव झालेले होते. तरीही त्या दोन वर्षांत टीकेने त्याला पोळले. टूरचे कार्ड (तिथे खेळण्याचा हक्क) मिळवण्यासाठी पात्रता फेरी खेळणाऱ्या नवख्या खेळाडूला हे परवडणारे नसते. त्याने त्याच वर्षी स्विंग बदलायला घेतला, तर कार्डही जाते आणि कार्डासोबत खेळण्याची जागाही.

म्हणून माझे मत आता थोडे बदलले आहे. बदल खरोखर आवश्यक असेल, तर तो हौशी असतानाच करण्यात शहाणपण आहे, कारण त्या काळात घसरलेला निकाल उपजीविका हिरावून घेत नाही. मात्र प्रशिक्षकांना एक प्रश्न जरूर विचारावा: ताणाखाली तिचा चेंडू एकाच बाजूला जातो की दोन्ही बाजूंना? एकाच बाजूला जात असेल, तर तो लहान दुरुस्तीने सावरता येतो, कारण त्या बाजूची जागा राखून खेळता येते. दोन्ही बाजूंना जात असेल, तर मैदानावर नेम धरण्यासारखी जागाच उरत नाही आणि मग मुळाशी जावेच लागते.

---

अठरावा होल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आस्थेने कोणी लिहील, अशी अपेक्षा नव्हती.

आपले प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले आणि शेवटचा प्रश्न काल प्रशिक्षकांना विचारला. त्यांनी गेल्या वर्षीच्या सहा स्पर्धांतील तिच्या शेवटच्या फेऱ्यांच्या नोंदी काढल्या. टीवरून सुटलेले फटके त्यांनी एकेक करून वहीत मांडले. साधारण निम्मे डावीकडे गेले आहेत आणि निम्मे उजवीकडे. पहिल्या दिवसांच्या फेऱ्यांत मात्र सुटलेले बहुतेक फटके उजवीकडचेच आहेत. हे पाहिल्यावर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिनेच म्युअरफिल्डच्या अठरा पारचा विषय काढला आणि त्यांतले बंकरमधून वाचवलेले पार किती, ते मला शोधायला सांगितले.

या मोसमातल्या उरलेल्या दोन स्पर्धा ती जुन्या स्विंगनेच खेळेल. त्यानंतर बदल सुरू होईल. क्लब तेच राहतील, पटिंगला हात लावायचा नाही आणि प्रशिक्षकही हेच राहतील, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. पहिले सहा आठवडे केवळ अर्ध्या स्विंगचे फटके मारायचे आहेत, काखेत टॉवेल धरून, म्हणजे हात धडापासून सुटले की तो लगेच खाली पडेल. फेऱ्यांचे आकडे मी वहीत लिहून ठेवणार आहे आणि हॅटिसबर्गसारखे चार सारखे आकडे कधी दिसले, तर याच धाग्यावर येऊन कळवेन.